काळा धूर आला म्हणून लगेच स्क्रू पिळू नका

आजचा दिवस कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर, बामणोलीच्या काठावर, एका टू-स्ट्रोक आउटबोर्डपाशी (बोटीच्या मागं लावायचं इंजिन) गेला. काळा धूर, स्लो केलं की बंद, पाण्यावर रंगीत तवंग. प्लग काढला तर काळा आणि ओला. म्हणजे पेट्रोल जास्त येतंय.

आधी हवा अडवणारी चोकची पट्टी पूर्ण उघडते का बघा. केबल अडकली की ती अर्धी मिटलेलीच राहते. मग इंजिन बंद ठेवून नळीवरचा रबरी फुगा दाबा. तो घट्ट होऊन तसाच राहिला पाहिजे. इथं सैल पडत होता, आणि कार्बोरेटरच्या तोंडातून थेंब थेंब गळत होतं. पेट्रोल थांबवणारी नीडल तिच्या सीटवर बसतच नव्हती. टोकावर नखाला लागेल अशी रिंग पडलेली. नीडल आणि सीट जोडीनं बदला. नीडल वर ढकलणारा तरंगता फ्लोट पोकळ असेल तर कानाशी हलवा, आत खळखळलं तर तोही गेला.

आयडलचा स्क्रू (स्लोला पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा) हलक्या हातानं पूर्ण बसवून दीड फेरा मागं, ही फक्त सुरुवात. शेवटची सेटिंग बोट बांधून, गरम इंजिनावर, गिअर टाकून.

शिवसागर भरला की पातळी सुमारे 659 मीटर. हवा विरळ, त्यामुळं कोकण किनाऱ्यावर सेट केलेलं इंजिन इथं थोडं रिचच, म्हणजे पेट्रोल जास्त घेऊन, चालतं. तरी फार लीन, म्हणजे पेट्रोल कमी, करू नका: तेल पेट्रोलातूनच मिळतं, तेही कमी पडून पिस्टन धरेल (जाम होईल).