तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेक फेल झाल्यावर ट्रेनिंग काय करणार?

पुण्यातल्या नवले पुलावर अपघात झाला की मी ट्रकच्या ड्रायव्हरांना नीट ट्रेनिंग द्या म्हणतो, आणि मग हा प्रश्न येतोच. ‘ब्रेकच फेल झाले, त्यात ड्रायव्हर काय करणार? आणि चूक त्याचीच असेल तर लायसन रद्द करा, ट्रेनिंगचं काय घेऊन बसलात?’ एकदा नीट उत्तर देतो.

20 नोव्हेंबर 2022 ची रात्र आठवा. साताऱ्याकडून आलेल्या ट्रकने नवले पुलाजवळ गाड्यांमागून गाड्यांना धडका दिल्या. अनेक वाहनांचं नुकसान झालं. पहिली बातमी होती ‘ब्रेक फेल’. नंतर पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं, की डिझेल वाचवण्यासाठी ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती.

तसं केलं की काय होतं ते बघा. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, आणि इंजिन थांबलं की ही हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. टाकीत उरलेल्या हवेवरच ब्रेक लागतात आणि प्रत्येक वेळी पाय दाबला की ती कमी होते. पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. गिअर नसल्याने गाडीला मागे ओढून धरणारं काही उरत नाही, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे चाकाच्या ड्रमवर आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांवर येतो. 40 टनांची गाडी 100 मीटर उंची उतरते तेव्हा सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी उकळीला यावं इतकी उष्णता तयार होते. ती ड्रममध्ये साठते, ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते. पाय तळापर्यंत जातो, गाडी थांबत नाही. तेव्हा घाबरून खालचा गिअर टाकायला जावं, तर त्या वेगात तो पडतच नाही. याला आपण ‘ब्रेक फेल’ म्हणतो. ब्रेकमध्ये सुरुवातीला काहीच बिघाड नव्हता.

डिझेल तरी वाचतं का? आजच्या इंजिनात गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तोडलं जातं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच, आणि इंजिन बंद केलं तरी गिअरपेक्षा जास्त काही वाचत नाही. म्हणजे चालू इंजिनाने न्यूट्रलवर उतरणाऱ्यापेक्षा गिअरमध्ये उतरणाराच कमी जाळतो. हे कुणीतरी ड्रायव्हरला समोर बसवून सांगावं लागतं, दंडाच्या पावतीवर ते लिहिलेलं नसतं.

शिकवायचं काय, तेही सांगतो. उतार सुरू होण्याआधी वेग कमी करून गिअर पाडायचा, उतारात शिरल्यावर नाही. भरलेल्या गाडीने जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये किंवा त्याखालच्या गिअरमध्ये तो उतरायचा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीला मागे ओढणारा) लावायचा. ब्रेकवर पाय ठेवून सरकत राहायचं नाही. जोरात दाबून वेग पाडायचा, पाय उचलायचा, ड्रम थंड होऊ द्यायचा. ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर हवी.

नियमांत हेवी, म्हणजे जड वाहनांसाठी किमान 30 दिवसांचं ट्रेनिंग आणि प्रत्यक्ष चालवण्याचे 15 तास आहेत. ट्रेनिंगची गाडी बहुधा रिकामी असते. पंधरा तासांत, रिकाम्या गाडीवर, तापलेल्या ड्रमचा वास कसा येतो हे कुणाला कळणार? भरलेल्या गाडीवर, शेजारी शिक्षक बसवून, घाट उतरवून घेतल्याशिवाय हेवीचं लायसन देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘म्हणजे रस्त्याचा दोष नाही?’ आहे. नव्या कात्रज बोगद्यापासून सलग उतार आणि पायथ्याशी शहराची गर्दी, ही रचनाच चुकीची आहे. एके काळी मी हे मान्य करत नव्हतो. रस्त्याला नावं ठेवणं म्हणजे ड्रायव्हरला सबब देणं, असं वाटायचं. आता तसं म्हणवत नाही. तरी शिकवलेला ड्रायव्हर याच उतारावरून रोज सुखरूप उतरतो, हेही खरं आहे.

एका ठिकाणी मात्र माझंही उत्तर अडतं. मालक ट्रिपला डिझेल मोजून देतो आणि वाचलेलं ड्रायव्हरचं, असा हिशेब अनेक ठिकाणी चालतो. गिअरमध्ये कमी जळतं हे पटवून दिलं, तरी जुन्या सवयीवर पोट अवलंबून आहे असं वाटणाऱ्या माणसाचा हात न्यूट्रलकडे जातोच. त्याच्याआधी मालकाला वर्गात बसवायला हवं, आणि त्याची सक्ती करणारा नियम माझ्या पाहण्यात नाही.