तुम्ही विचारलंत म्हणून : एअरबॅगचा दिवा

"गाडी तं मस्त चालते भाऊ, फक्त हा लाल दिवा पेटून राह्यला. बंद करून दे ना." दारव्ह्याहून दिग्रसला जाणाऱ्या रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सोयाबीनचे पैसे हातात आले की लोक जुन्या गाड्या आणतात आणि हे वाक्य सुरू होतं. दिवा म्हणजे तोच, बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल फुगा.

मी आधी चावी ऑन करायला लावतो. दिवा लागला पाहिजे आणि पाच-सहा सेकंदांत विझला पाहिजे. तेवढ्यात एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे बॅग कधी फुगवायची ते ठरवणारा डबा, आपल्या तारा तपासून घेतं. विझला नाही तर बिघाड आहे, आणि वेळ आली तर बॅग फुगेलच याचा भरवसा नाही. पण तो दिवा लागतच नसेल, किंवा इंजिन ऑइलच्या दिव्यासोबतच विझत असेल, तर मला जास्त भीती वाटते. कुणीतरी बल्ब काढलेला असतो, नाहीतर त्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडलेली असते. इंजिन सुरू झालं की दोन्ही एकदमच विझतात.

कधीकधी काम सोपं निघतं. सीटखाली पिवळं कनेक्टर असतं, तिथे कुणीतरी बियाण्याची बॅग कोंबलेली असते किंवा उंदरांनी तार कुरतडलेली असते. हॉर्नही गेला असेल तर मी स्टेअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे स्टेअरिंग फिरलं तरी हॉर्नच्या आणि बॅगच्या तारा जोडून ठेवणाऱ्या गुंडाळीवर, संशय घेतो. ठोकलेल्या गाडीचं मात्र वेगळं असतं. सीटचा पट्टा ताणणारा प्रीटेन्शनर उडालेला, समोरचा सेन्सर दबलेला, आणि मॉड्यूलमध्ये अपघाताची नोंद बसलेली. ही नोंद बिघाडाचे कोड वाचणाऱ्या साध्या स्कॅनरने पुसली जात नाही. ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर तर बहुतेक वेळा इंजिनाचेच कोड वाचतात आणि 'सगळं ठीक' म्हणून मोकळे होतात.

मागच्या पोळ्याच्या सुमारास एक काका नागपूरहून घेतलेली गाडी घेऊन आले. 1 जुलै 2019 पासून नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आणि ही गाडी त्यानंतरची, म्हणून ते निर्धास्त होते. दिवा अगदी शहाण्यासारखा लागून विझत होता. तक्रार एवढीच की वळवताना हॉर्न मधूनच वाजत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मी दहा मिनिटं थांबलो. मॉड्यूलमध्ये वीज साठून राहते, म्हणून घाई करायची नसते. (बॅगच्या तारांना मल्टिमीटर लावायचा तर नादच सोडा, मीटरच्या करंटनेही ती उडू शकते.) काकांनी तेवढ्यात चहा सांगितला. चहा संपल्यावर स्टेअरिंगचं झाकण ओढलं, तर ते हलकंच हातात आलं. मागे बॅग नव्हतीच. दोन तारांच्या टोकांना काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर होता. टेप सोडवून त्याचा रोध मोजला, जवळपास दोन ओहम, म्हणजे खऱ्या बॅगचा असतो तेवढाच. मॉड्यूलला वाटत होतं, बॅग जागेवर आहे. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, शेजारच्या सीटच्या बॅगच्या जागी पाहिलं, तिथेही भेग बुजवून रंग मारलेला.

काका बराच वेळ त्या रेझिस्टरकडे पाहत राहिले. असला धंदा मला नवा नव्हता. सुरुवातीच्या काळात मीच एका गिऱ्हाइकाला बल्ब काढून दिला होता. ती गाडी पुढे विकली गेली, कोण चालवतं माहीत नाही.

नवी बॅग, मॉड्यूल, दोन्ही पट्टे, सगळ्याचा अंदाज सांगितला. काका म्हणाले, "आता तं नाही जमणार. कापूस आल्यावर पाहू." मी झाकण बसवायला घेतलं, तेव्हा त्यांनी हात धरला.

"तो रेझिस्टर लावू नको. दिवा पेटू दे. गाडी पोरगं चालवते, त्याले समजलं पाह्यजे."