पहिल्यांदा गाडी रानातल्या वाटेवर घातली, माझा अनुभव

व्हिडिओत बघून मला वाटायचं ऑफरोडिंग म्हणजे चिखल उडवत सुसाट जायचं. आम्ही झुडपांच्या रानातली एक सोपी वाट निवडली आणि सुरुवातीला तर गाडी हललीच नाही, टायरमधली हवा सोडण्यातच वेळ गेला. डांबरी रोडला साधारण ३२-३५ पीएसआय असते, ती २५ च्या आसपास आणली. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, पकड वाढते आणि दणकेही कमी बसतात, फक्त मग वेगात चालवायची नाही, आणि परत भरायला पंप सोबत पाहिजेच.

मग गाडी थांबवून फोर-लो टाकलं, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर. वेग चालण्याइतका, पण ताकद भरपूर.

खरी मजा उतारावर. पहिला गिअर, क्लचवरून पाय काढलेला, आणि शेजारी बसलेला मित्र एकच घोकतोय, "ब्रेक नको मारूस, इंजिन धरतंय तिला." पाय शिवशिवत होता राव! पण गाडी खरंच आपली आपण सावकाश उतरली, कचकन ब्रेक दाबला असता तर चाकं लॉक होऊन घसरायची भीती. चढावर उलटं, मध्येच बंद पडली तर वळवायची नाही, रिव्हर्स टाकून सरळ रेषेत मागे यायचं, कारण आडवी झाली की उलटू शकते.

चर लागले तिथे चाकं चरात न घालता मधल्या उंचवट्यावरून आणि कडेवरून नेली. तरी एका जागी तिरक्या कोपऱ्यांतली दोन चाकं (एक पुढचं, एक मागचं) उचलली गेली आणि नुसती गरगरायला लागली, मी ॲक्सिलरेटर सोडणार तेवढ्यात मित्र म्हणाला, "सोडू नकोस, आहे तेवढाच धर." तसा धरला की ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं आणि जमिनीवरच्या चाकाला जोर मिळतो. दोन सेकंद काहीच नाही, मग हळूच निघाली. (अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग झटका देतं.)

डांबर लागायच्या आधी टू-हाय (दोनच चाकांना जोर, नेहमीचा वेग) आणि हवा फुल. पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे गरजेपुरता चारही चाकांना जोर देणारी गाडी, कोरड्या डांबरावर तशीच फोर-व्हीलमध्ये चालवली तर वळताना गिअर सिस्टिमवर ताण येतो.

आणि हो, अडकलात तर ओढायचा पट्टा टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) लावू नका, तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. चेसिसवरचे रिकव्हरी पॉइंट, म्हणजे गाडी ओढायला दिलेले मजबूत हुक, कुठेत ते घरीच खाली वाकून बघून ठेवा.