जांभळा रंग फिका झाला म्हणजे बायोफिल्म मोडली?

माझ्याकडे परीक्षणाला येणाऱ्या शोधनिबंधांचा एक साचाच ठरून गेलाय. कुठल्या तरी वनस्पतीचा अर्क काढायचा, सूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूवर टाकायचा, क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगानं रंगवायचं आणि रंग फिका दिसला की बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून बसलेला जिवाणूंचा थर, नष्ट झाली असं जाहीर करून मोकळं व्हायचं.

हा रंग मीही वापरते, म्हणून जरा जास्तच चिडचिड होते. प्लास्टिकच्या 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये जिवाणू वाढवायचे, मग वरचं गढूळ माध्यम, म्हणजे जिवाणू वाढवायचा पोषक द्रव, झटकून टाकायचं, खळगे हलक्या हातानं धुवायचे, रंग घालायचा, परत धुवायचं. भिंतीला चिकटलेल्या थराचं तेवढं जांभळं कडं उरतं. ते ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवून गडदपणा यंत्रावर मोजायचा. धुताना हात जड पडला तर अर्धा थर सिंकमध्ये गेलाच म्हणून समजा. कडेचे खळगे मी हिशेबातच धरत नाही, तिथलं माध्यम लवकर आटतं. पद्धत स्वस्त आणि झटपट आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण जिवंत जिवाणू, मेलेला जिवाणू आणि दोघांच्या भोवतीचा चिकट पदार्थ, या रंगाला सगळे सारखेच. शिवाय अर्कानं वाढच खुंटवली असेल तर चिकटायला जिवाणू येणार कुठून?

थरातले जिवाणू मारायची खरी अडचण त्या चिकट पदार्थाच्या आत सुरू होते. त्यात शर्करांच्या लांब साखळ्या असतात, प्रथिनं असतात आणि फुटलेल्या पेशींमधून सांडलेला डीएनएही असतो. टोब्रामायसिनसारख्या प्रतिजैविक औषधावर धन विद्युतभार असतो आणि या डीएनएवर ऋण. त्यामुळे बरंचसं औषध वाटेतच अडकतं. थराच्या वरच्या भागातले जिवाणू ऑक्सिजन संपवतात, तळातले जवळपास वाढायचेच थांबतात. पेनिसिलिन पेशीभित्तिका बांधण्याच्या कामात मोडता घालतं. बांधकामच बंद असेल तर ते कशात मोडता घालणार? एरवी मोकळ्या पोहणाऱ्या जिवाणूंना मारणाऱ्या मात्रेच्या कधी कधी हजारपट मात्राही थरातले जिवाणू पचवतात.

गंमत म्हणजे हेच जिवाणू खरवडून ताज्या माध्यमात वाढवले की त्यांची पिलावळ बहुतेक वेळा पुन्हा साध्या मात्रेला मरते. जनुकांत काही बदललेलंच नसतं. जिवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी 1944 मध्ये स्टॅफिलोकोकस या जिवाणूवर पेनिसिलिन वापरताना असेच मूठभर तग धरणारे जिवाणू पाहिले होते. त्यांचीही पुढची पिढी औषधाला बळी पडत होती. त्याच्याही आधी, 1683-84 च्या सुमारास, सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणाऱ्या लेवेनहूकनं लिहून ठेवलंय की व्हिनेगरनं दातांवरच्या कीटणातले फक्त बाहेरचे जीव मेले, आतपर्यंत ते पोचलंच नाही. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना हमखास वाचून दाखवते.

म्हणूनच लघवीच्या कॅथेटरवर थर बसलेला असला की रिपोर्टात ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं औषध देऊनही संसर्ग उलटतो. तो रिपोर्ट खोटा नसतो, तो मोकळ्या जिवाणूंचा असतो. पण हा तगून राहण्याचा काळ लांबला की खराखुरा, पुढच्या पिढीत उतरणारा प्रतिरोध उपजायला सवड मिळते. त्यात शेजार इतका दाटीचा की प्लाझ्मिडची, म्हणजे जनुकं वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यांची, देवाणघेवाणही होऊ शकते. त्यामुळे ‘जनुकं बदलली नाहीत ना, मग चिंता कसली’ हे मला पटत नाही.

थर मोडायचे प्रयत्न चालू आहेत. डीएनए तोडणारं एन्झाइम कोवळ्या थराची पार वाट लावतं. मुरलेला थर मात्र त्याला फारशी दाद देत नाही. प्रयोगात थर किती जुना होता हे मी आधी बघते, ते यासाठी.

मग परीक्षणात माझे तेच ते प्रश्न जातात. अर्क थर बसण्याआधी घातला की नंतर? नुसत्या वाढीवर त्याचा काय परिणाम होतो? थर खरवडून, पातळ करून, अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) पसरून किती वसाहती उगवल्या, म्हणजे किती जिवाणू जिवंत होते? जिवंत आणि मेलेले जिवाणू वेगळे दाखवणारे रंग लावून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकदा ‘आमच्याकडे ते यंत्र नाही’ असं उत्तर येतं, आणि ते मला मान्य असतं. वसाहती मोजायला मात्र अगारच्या प्लेटा आणि थोडा धीर पुरतो, त्यामुळे तिथे मी सूट देत नाही.