लेक फोर्कची बुडालेली झाडं आणि पंधरा पौंडी तंगूस

पहाटे साडेचारला डॅलसजवळचं प्लेनो सोडलं, लेक फोर्क तलावावर बास हा मासा धरायला. मार्चचा शेवटचा शनिवार. इंटरस्टेट ३० वर ग्रीनव्हिलपर्यंत ट्रकांची सोबत होती. तिथून हायवे ६९ ला वळलो आणि रस्ता एकदम सुनसान झाला. लोन ओक, पॉइंट, एमरी. गाव आलं म्हणेपर्यंत मागे पडत होतं. मागच्या सीटवर तीन काठ्या होत्या आणि तिन्हींची रिळं रिकामी. निघताना बायकोने विचारलंही, "दोरीच नाही तर मासा धरणार कशाने?" दोरी तिथेच घ्यायची, तलाव बघून घ्यायची, असं मी या वेळी ठरवलं होतं.

कारण ऑक्टोबरातली ती सकाळ. याच तलावावर, एका वाळक्या झाडाच्या बुंध्याशी चांगला मोठा बास लागला होता. त्याने एकदा उसळी मारली, त्याचा तो बादलीसारखा जबडा मला स्वच्छ दिसला, आणि मग तो बुंध्याला वळसा घालून खाली गेला. दोरी दोन-तीनदा लाकडावर करकरली आणि हातातला ताण गेला. तुटलेलं टोक ओढून घेतलं तर ते बोटांना पॉलिश पेपरसारखं लागत होतं. ती दोरी दोन उन्हाळे माझ्या गॅरेजमध्ये तापलेली होती. टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये काय होतं हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. दोरी तुटल्यापेक्षा मला जास्त लागलं ते हे, की तो मासा माझा गळ आणि हातभर नायलॉन तोंडात घेऊन गेला. त्यानंतर हिवाळाभर मी दोऱ्यांबद्दल जे मिळेल ते वाचत होतो.

डॅलसहून सव्वा-दीड तासावरचा लेक फोर्क हा सबाइन नदीला मिळणाऱ्या लेक फोर्क क्रीकवर बांधलेला जलाशय आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं. पसारा सुमारे २७,००० एकर. पाणी भरण्यापूर्वी इथली झाडं सरसकट तोडली नाहीत, बरीचशी उभी ठेवली, माशांना आसरा म्हणून. शिवाय तळं भरण्याआधीच आसपासच्या शेततळ्यांत फ्लोरिडा जातीचे बास सोडून ठेवले होते. पुढे काय झालं ते आकड्यांत दिसतं. १९८६ मध्ये इथे १७.६७ पौंडांची मादी सापडली. ती जिवंत ठेवून राज्याच्या मत्स्यविभागाकडे दिली आणि तिच्यापासून 'शेअरलंकर' हा मोठ्या माद्यांपासून पैदास करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९९२ च्या जानेवारीत याच पाण्यातून १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा बास निघाला. टेक्सासचा तो विक्रम अजून उभा आहे.

उजाडताना हायवे १५४ च्या पुलापाशी थांबलो आणि पाण्यातून वर आलेली ती झाडं बघितली. पानं नाहीत, साली नाहीत, राखाडी सांगाडे नुसते, मैलभर. माझं आजोळ भिगवणजवळचं. उजनीत पाणी अडलं तेही १९८० च्याच सुमाराला. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं मंदिर वर येतं, तेव्हा लहानपणी आम्ही ते बघायला जायचो. पाण्याखाली आधी काय होतं ते ओळखणं ही सवय मला तिथून लागली असावी. इथे पाण्याखाली जंगल आहे. जंगलातला मासा धरायचा तर दोरी जंगलातली पाहिजे.

आमच्याकडे नायलॉनच्या एकेरी तंतूला तंगूस म्हणतात. जाळं तंगुसाचं, गरी तंगुसाची. मामा जाळी विणायचे तेव्हा त्यांच्या मांडीवर तंगुसाचं भेंडोळं असायचं आणि प्रत्येक गाठ आवळण्याआधी ते ती ओठांत धरून ओली करायचे. मला वाटायचं, त्यांची लकब असेल.

तलावाकाठच्या दुकानात शिरलो तेव्हा भिंतभर दोऱ्या होत्या. आमचा गाईड आधीच आलेला, कॉफीचा कप हातात. साठी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. "कुठली घ्यायची?" म्हटल्यावर त्याने उलट विचारलं, "पोरा, तुझी दोरी कशाला घासणार आहे?"

मी हिवाळाभर जे वाचलं होतं ते सगळं या एका प्रश्नापाशी येऊन थांबतं. दोरी तीन कुळांची. पहिलं नायलॉनचं. दुसरं फ्लुओरोकार्बनचं; हे पाण्यापेक्षा बरंच जड, म्हणून बुडतं, पाणी शोषत नाही आणि पाण्यात सहज दिसत नाही. तिसरं विणलेल्या पॉलिथिलीनचं, ज्याला इथे ब्रेडेड लाईन म्हणतात. जाडीच्या मानाने अतोनात ताकद, ताणली जवळजवळ जातच नाही, आणि पाण्यावर तरंगते. कोपॉलिमर हे नायलॉनच्याच घरातलं. साध्या मोनोफिलामेंटमध्ये, म्हणजे एकेरी तंतूच्या दोरीत, एका प्रकारचं नायलॉन वितळवून ओढतात. कोपॉलिमरमध्ये दोन किंवा अधिक प्रकारच्या नायलॉनची सांगड घातलेली असते. एकाने चिवटपणा द्यायचा, दुसऱ्याने मऊपणा. नीट जमलं तर तेवढ्याच ताकदीला दोरी जरा बारीक होते, कमी ताणली जाते, घासाला जास्त टिकते आणि रिळावरून उतरल्यावर तिची वेटोळी तशीच राहत नाहीत.

'नीट जमलं तर' हे मी मुद्दाम लिहिलं. खोक्यावर कोपॉलिमर लिहिलेलं असणं म्हणजे काही एक ठरलेला दर्जा नव्हे. आजकाल चांगल्या नायलॉन दोऱ्यांतही मिश्रण असतंच, फक्त लिहिलेलं नसतं. काहींवर फ्लुओरोकार्बनचा पातळ लेप असतो, पण लेप लावल्याने आतलं नायलॉन दगडासारखं बुडायला लागत नाही. पौंडांचा, म्हणजे दोरी किती ओझ्याला तुटते त्याचा, आकडाही तसाच. बारा पौंड लिहिलेली दोरी प्रत्यक्षात सोळाला तुटते असं खूपदा आढळतं, कारण ती मुळात जाड असते. म्हणून दोन दोऱ्यांची तुलना करताना मी आधी जाडी बघतो. ती खोक्याच्या मागे बारीक अक्षरात, इंचांत किंवा मिलिमीटरमध्ये छापलेली असते. सारख्या जाडीच्या दोन दोऱ्यांत कुठली चिवट, हा खरा प्रश्न.

गाईडने ब्रेडेड लाईनचं रीळ बाजूला सरकवलं. पाणगवतात तो तीच वापरतो, ती गवत कापत जाते. पण लाकडात तीच गोष्ट आडवी येते, करवतीसारखी ओंडक्यात रुतते. मासा एकीकडे, दोरी लाकडाच्या चिरेत, आणि मग तुटता तुटत नाही. फ्लुओरोकार्बनबद्दल त्याचं मत वाईट नव्हतं. जूनमध्ये बास पंचवीस फुटांवर खोल उतरले की तो तेच लावतो, कारण लांबवरची हलकी टोच त्यातून हाताला नीट कळते. पण ते महाग, जाड घेतलं तर ताठर, आणि गाठ घाईत आवळली की तिथेच भाजून कमजोर होतं. आज आम्हाला चार-पाच फूट पाण्यात, बुंध्यांच्या मधोमध टाकायचं होतं. एवढ्या जवळून नायलॉनचं ताणलं जाणं आड येत नाही, उलट माशाने अचानक झटका दिला तर त्यामुळेच तोंड फाटून गळ निसटत नाही.

शेवटी असं ठरलं. बेटकास्टरवर, म्हणजे जड आमिषं फेकायच्या फिरत्या रिळावर, पंधरा पौंडी हिरवट कोपॉलिमर, ०.३८ मिलिमीटर. स्पिनिंग रिळावर आठ पौंडी, बारीक आमिषांसाठी. तिसरी काठी पॉपर नावाच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाची, तिला बारा पौंडी. पॉपरला फ्लुओरोकार्बन मी कधीच लावणार नाही. दोरी बुडते, पॉपरचं नाक खाली ओढते आणि तो 'पॉप' करायचा सोडून गटांगळी खातो.

दोरी भरायचं काम त्याने दुकानाच्या पायरीवर बसून करवून घेतलं. स्पिनिंग रिळाला नव्या दोरीची चकरी जमिनीवर आडवी ठेवायची, पाच-सहा वेढे घालून थांबायचं, दोरी सैल सोडून बघायची. पीळ पडत असेल तर चकरी उलटी करायची. ओल्या फडक्यातून दोरी धरून घट्ट भरायची, काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली थांबायचं. मग गाठ. पालोमार. दोरी दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवायची, साधी सैल गाठ मारायची, उरलेल्या फाशातून अख्खा गळ पार करायचा. मी ओढणार तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं. "आधी ओली कर." आणि स्वतःची गाठ त्याने ओठांत धरली.

मी दोन क्षण त्याच्याकडे बघतच राहिलो. मांडीवर भेंडोळं घेतलेले मामा डोळ्यांसमोर आले. कारण मला तेव्हा कळलं: कोरडं नायलॉन नायलॉनवर घासलं की उष्णता तयार होते आणि दोरी नेमकी गाठीत कमजोर होते. थुंकीने ती सरकते, भाजत नाही.

नऊच्या सुमाराला पाण्याचं तापमान ६२ अंश फॅरनहाइट झालं. अंडी घालण्याचे दिवस, मासे काठाकडे सरकलेले. मी टेक्सास रिग लावला होता: पुढे गोळीच्या आकाराचं वजन, मागे ४/० मापाचा गळ, त्याचं टोक रबरी गांडुळाच्या अंगात दडवलेलं, म्हणजे लाकडात अडकत नाही. दोन झाडांच्या मध्ये टाकलं, बुडू दिलं. पाण्यावर पडलेली दोरी बघत राहायचं हे गाईडचं एकच सांगणं. बऱ्याचदा हाताला काहीच कळत नाही, दोरी फक्त एका बाजूला चालू लागते.

आणि ती चालू लागली. सावकाश, डावीकडे, झाडाच्या दिशेने.

काठी उचलली आणि जड, जिवंत ओझं लागलं. आमच्याकडे मरळ लागल्यावर जसं होतं तसंच. मरळही अशीच आडोशाला दबा धरून बसते आणि लागली की आधी आसऱ्याकडे धावते. बासने बुंध्याला वळसा घातला. दोरी लाकडावर करकरली. तोच ऑक्टोबरचा आवाज. मी आणखी जोर लावणार तेवढ्यात गाईड म्हणाला, "ओढू नको. ढील दे." मला ते पटत नव्हतं, तरी काठी खाली केली. दोरी सैल पडली. पाच सेकंद, सहा सेकंद. मासा थांबला, आणि ओढ नाही असं वाटल्यावर आला त्याच वाटेने परत मोकळ्या पाण्यात निघाला. मग मात्र मी त्याला पुन्हा झाडाकडे वळू दिलं नाही.

खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलला तेव्हा माझा हात थरथरत होता. हिरवा-सोनेरी, पोटाला पांढरा, कुशीवर काळा तुटक पट्टा, आणि डोळ्यांच्या मागपर्यंत गेलेलं तोंड. पट्टीवर २१ इंच भरला. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, तो सोडायचाच. नियम नसता तरी मी सोडला असता. पाण्यात धरून ठेवला, कल्ले दोनदा उघडझाप झाले, आणि शेपटीने माझ्या मनगटावर पाणी उडवून तो गेला.

फोटो वगैरे नंतर. आधी दोरीचं टोक हातात घेतलं आणि नखावरून फिरवलं. शेवटच्या दीड हाताला बारीक लव आल्यासारखी खरबरीत लागली, एका जागी तर छोटीशी खाचच. तुटली नव्हती, पण पुढच्या माशाला तुटली असती. दोन हात कापून टाकली, गाठ नव्याने मारली, ओली करून. दिवसभरात असं चार वेळा केलं. नायलॉन पाणी पितं, संध्याकाळपर्यंत त्याची थोडी ताकद उतरलेली असते. त्यामुळे सकाळची गाठ दुपारी तपासणं हे कोपॉलिमरवाल्याला चुकत नाही. फ्लुओरोकार्बनला निदान हे दुखणं नाही.

पॉपरवर त्या दिवशी काहीच आलं नाही. आठ पौंडीवर दोन लहान बास मिळाले, एक दोरी झाडात गेली.

कापलेले तुकडे मी शर्टाच्या खिशात जपून ठेवत होतो. धक्क्यावर पांढऱ्या पीव्हीसी पाइपाची एक नळी उभी केलेली आहे, जुनी नायलॉन दोरी टाकण्यासाठी. पक्ष्यांच्या पायात, कासवांच्या मानेत हेच तुकडे अडकतात. ऑक्टोबरातल्या त्या माशाच्या तोंडातला माझा गळ आठवत होता, म्हणून एकेक तुकडा मोजून आत टाकला.

परतताना उजेडात हायवे ६९ च्या कडेची रेडबडची झाडं दिसली, पानांआधीच जांभळट गुलाबी फुलांनी भरलेली. एमरीत थांबून आणखी एक पंधरा पौंडी रीळ घेतलं. पुढच्या महिन्यात एक मित्र पुण्याला जाणार होता, त्याच्या बॅगेत मामांसाठी. रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, फोन लावला आणि उत्साहाने सांगायला लागलो, पंधरा पौंडांची आहे, दोन नायलॉन एकत्र केलेली.

"पौंड राहू दे," मामा म्हणाले. "जाडी किती हाय?"

"०.३८ मिलिमीटर."

ते जरा थांबले. "मरळीला पुरंल. पाठव."