दिवाडीहून पॉवर टिलर आणला तो प्रवास

डिचोलीत भाजी-पाव खाऊन सकाळी सात वाजता निघालो. मामेभावाच्या पिकअपमध्ये काय काय भरलं होतं ते आधी सांगतो, कारण अशा कामाला जाणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग होईल. दोन जाड लांब फळ्या, चेन-पुली, लाकडी ठोकळे, माल बांधायचे पट्टे, गोणपाट, पान्यांची पेटी, टॉर्च, थोडं डिझेल, गंज सोडवायचा स्प्रे आणि झाकणाचे सात-आठ रिकामे डबे. फळ्या विसरलात तर गावात कुणीतरी देतो. डबे मात्र घरूनच न्या.

जायचं होतं गोव्यातल्या दिवाडी बेटावर. तिथल्या एका घरामागे बारा अश्वशक्तीचा जुना पॉवर टिलर (शेत नांगरायचं, मागून हॅण्डल धरून चालवायचं छोटं यंत्र) बरीच वर्षं पडून आहे, मालक वारले, आता घरच्यांना तो भंगारात द्यायचा नाही पण ठेवायलाही जागा नाही, असं एका ओळखीच्या शेतकऱ्याने सांगितलं होतं. यंत्र कॅमकोचं. कॅमको म्हणजे केरळ सरकारची कंपनी, 1973 साली आथाणीला सुरू झालेली. त्यांचे टिलर कुबोटाच्या जपानी बनावटीवर बेतलेले. आडवं बसवलेलं एकच सिलिंडर, पाण्याने थंड होणारं डिझेल इंजिन, हॅण्डल मारून चालू करायचं. दुसरं घराणं बंगळूरच्या व्हीएसटीचं, मित्सुबिशीच्या वळणाचं. गोव्यात आणि कोकणात जुना टिलर सापडला की बहुतेक वेळा तो या दोघांतला एक असतो.

अमेरिकेत जुने गार्डन ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यांची मोठी बिरादरी आहे. गोवा मुक्त झाला त्याच 1961 साली तिकडे इंटरनॅशनल हार्वेस्टरने पहिला कब कॅडेट आणला, आणि दोन वर्षांनी जॉन डिअरचा 110 आला. ती यंत्रं घराभोवतीचं गवत कापायला, बर्फ लोटायला. माणसं ती आजही नटबोल्टसकट मूळ रूपात आणतात, त्यांचे फोटो बघत मी कितीतरी रात्री जागलो आहे. आपल्याकडे त्या मापाचं यंत्र म्हणजे पॉवर टिलर. फरक एवढाच की आपल्या यंत्राने माणसांचं पोट भरलं आहे. म्हणून ते जपायला हवं असं मला मनापासून वाटतं.

डिचोलीहून दिवाडीला नार्व्याची फेरी सोयीची. फेरीआधी सप्तकोटेश्वराचं देऊळ लागतं. देव मूळचा दिवाडीचाच. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर तो पाण्याच्या अलीकडे आला आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आम्ही हात जोडून पुढे गेलो.

फेरीबोटीबद्दल दोन गोष्टी. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. ओहोटीला धक्का आणि बोटीचा उतार यांतला कोन वाढतो, आणि मागे वजन असलेल्या पिकअपचा पार्श्वभाग घासतो. रिकामी गाडी जाताना काही वाटत नाही, येताना कळतं. दुसरं, बोटीवरच्या खलाशाला आधीच सांगा की परतताना यंत्र आहे. तो गाडी कुठे उभी करायची ते ठरवून देतो. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर बोंदेरांचा उत्सव असतो, त्या दिवशी या कामाला मुळीच जाऊ नका. जुन्या गोव्याच्या बाजूने येणार असाल तर सेंट फ्रान्सिस झेवियरचं 3 डिसेंबरचं फेस्त आणि त्याआधीचे नोव्हेनाचे, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांचे, दिवसही टाळा.

बेटावर उतरलं की दोन्ही बाजूंना खाजन. खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली भातशेती, पाणी आत-बाहेर सोडायला मानशी. जमीन सुपीक, पण चिखलात मीठ असतंच. इथल्या टिलरचा गंज घाटावरच्या टिलरसारखा नसतो. वरून रंग शाबूत दिसतो आणि आत पत्रा पापडासारखा झालेला असतो. पत्र्यावर बोटाने टिचकी मारत जा. आवाज बसका आला की तिथे खालून गेलंय असं समजा.

घर पिएदादच्या चढावर. ओसरीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. मी त्यांना माय म्हणूनच हाक मारली. त्यांनी आधी पाणी दिलं, मग मागच्या मांगरात, म्हणजे अवजारांच्या शेडमध्ये नेलं. टिलर केळीच्या सुकल्या पानांखाली होता. केज व्हील (चिखलात चालायची लोखंडी जाळीची चाकं) लावलेलीच होती, म्हणजे शेवटची चिखलणी करून आला आणि तसाच उभा राहिला.

अशा यंत्रापुढे उभं राहिल्यावर घाई करू नये. मी अर्धा तास नुसतं बघतो. आधी इंजिन क्रमांकाची पट्टी, तिचा फोटो. मग ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी आत गेलेलं नाही. गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट थोडासाच सैल केला. पाणी असेल तर ते जड असल्याने तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. इथे चहाच्या कपभर गढूळ पाणी आलं, मग ऑइल. चिखलात चालणाऱ्या टिलरमध्ये एवढं पाणी असतंच. सील, म्हणजे ऑइल आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कड्या, गेले, एवढाच त्याचा अर्थ. रेडिएटरचं झाकण उघडलं तेव्हा मात्र मन खट्टू झालं. तोंडाशी पांढरी पुटं होती. कधीतरी घाईत खाजनातलंच पाणी ओतलेलं असणार. डीकम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडायची) दांडी वर करून फ्लायव्हील हलवून पाहिलं. हललं नाही. जाम.

जाम इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन नव्हे. नवख्या लोकांना हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. जाम आहे म्हणून भाव खाली येतो, आणि पिस्टन निम्म्याहून जास्त वेळा सुटतो, असा माझा आतापर्यंतचा अनुभव आहे. न सुटण्यासारखं दिसतं ते वेगळं: ब्लॉकला तडा, किंवा आत तुटलेला कनेक्टिंग रॉड. टॉर्चने खालून ब्लॉक नीट बघा. हॅण्डलला पाइप लावून जोर करण्याचा मोह तिथल्या तिथे आवरा.

भावाचं म्हणाल तर जाण्याआधी भंगाराचा किलोचा दर विचारून ठेवा. चारशे-पाचशे किलोचं यंत्र, त्या हिशेबाने येणारा आकडा हा तळ. त्याच्या खाली मागणं म्हणजे घरच्यांचा अपमान. वर किती द्यायचे ते सुटे भाग किती जाग्यावर आहेत त्यावर. कच्च्या कागदावर का होईना, इंजिन आणि चासी क्रमांक लिहून सहीची पावती घ्या. यंत्र सबसिडीवर घेतलेलं होतं का तेही विचारा, असेल तर विभागीय कृषी कार्यालयात एकदा खात्री करून मगच उचला.

व्यवहार ठरल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला. याचं आणखी काही घरात आहे का? माय आत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत जुना नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारायची तोटी), दोन ऑइल सील, पट्ट्याचा तुकडा, आणि मेणकागदात गुंडाळून दोऱ्याने बांधलेली एक पुडी. पुडीत डिझेल पंपाखालचे पातळ पत्र्याचे शिम. एकूण तीन, नखाएवढ्या जाडीचेसुद्धा नाहीत.

माझा हात थांबला. पाच वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या टिलरचा पंप एका वर्कशॉपात उघडला, आणि खालचे शिम कागद समजून झाडून टाकले गेले. या इंजिनांत पंपाखाली किती शिम आहेत त्यावर डिझेल कधी फवारायचं ते ठरतं. शिम वाढवला की पंप त्याला दाबणाऱ्या कॅमपासून लांब जातो आणि फवारा उशिरा येतो, काढला की लवकर. माझं इंजिन हॅण्डल उलट मारू लागलं, आणि मूळ जाडी किती होती ते शोधण्यात एक आख्खा पावसाळा गेला. इथे एका माणसाने पंप काढताना तेच शिम पुडीत बांधून ठेवले होते. म्हणून ते रिकामे डबे न्या असं म्हणतो. प्रत्येक जोडाचे बोल्ट, वॉशर, शिम वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी. फेकायचं काहीच नाही, तुटकं सुद्धा.

चालू करायचं हॅण्डल मांगराच्या वाशाला टांगलेलं होतं. मुठीच्या जागी लोखंड झिजून काचेसारखं झालेलं, आणि अंगठ्याच्या बाजूला झीज नाहीच. म्हणजे ते गृहस्थ अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हॅण्डल मारत. बरोबर पद्धत तीच. अंगठा पलीकडून वळवून धरला आणि इंजिनने उलटा झटका दिला तर हाडच मोडतं. मायना हे सांगितलं तेव्हा त्या हॅण्डलकडे बघत म्हणाल्या, "तो कोणाक हात लावपाक दिनासलो." (तो कुणाला हात लावू देत नसे.) थोड्या वेळाने म्हणाल्या, "घेवन वच. पूण चालू कर." (घेऊन जा. पण चालू कर.)

चढवायला दीड तास लागला. इंजिन पुढे असल्याने सगळा भार पुढे, म्हणून टिलर तोंडाने वर घ्यायचा आणि चेन-पुली चासीला लावायची. टिलर धरायच्या हॅण्डलच्या नळ्यांना लावू नका, गंजलेल्या नळ्या तिथेच वाकतात. केज व्हील फळीवर घसरतात, आम्ही ती काढून गावातल्याच एकाची जुनी रबरी चाकं मागून लावली. गिअर न्यूट्रलला, प्रत्येक वीतभर सरकला की मागे ठोकळा. उतारावर यंत्राच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही, कितीही घाई असली तरी.

परतताना जुन्या गोव्याच्या फेरीने गेलो, कारण पुढे फोंड्याला काम होतं. बाणस्तारीला गुरुवारचा बाजार असतो, त्या दिवशी लादलेली गाडी घेऊन तिथून जाणं नको.

फोंड्यात सुटे भाग घेताना "टिलरचा सील द्या" असं म्हणू नका. नसल्याचं उत्तर मिळतं. जुन्यावरचा क्रमांक वाचून न्या. सीलवर 25-40-7 असं काही असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. बेअरिंगवर 6205 असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा, 25 मिलिमीटरचा शाफ्ट. व्ही-बेल्टवर बी अक्षर आणि पुढचा आकडा म्हणजे आतली लांबी इंचांत. एवढं कळलं की निम्मे भाग मोटारीच्या आणि पंपाच्या दुकानात मिळतात. नोझल आणि पंप डिझेल लॅबमध्ये तपासायला दिले. नोझलचा फवारा घरी बघायचा झाला तर हात कधीही समोर धरू नका, तो कातडी फोडून आत जातो.

दुसऱ्या दिवशी बाणावलीला गोवा चित्र संग्रहालयात गेलो. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी 2009 मध्ये सुरू केलेलं हे संग्रहालय. जुनी नांगर-अवजारं, घाणे, गाडे, आणि प्रत्येक वस्तू कामाच्या खुणांसकट. फोन करून वेळ विचारून जा आणि निदान दोन तास ठेवा. तिथल्या नांगराच्या मुठीवर अगदी तशीच झीज पाहिली जशी त्या हॅण्डलवर होती. त्यानंतर एक ठरलं. टिलरला मी चकचकीत रंग देणार नाही. गंज काढीन, रंग जिथे टिकून आहे तिथे तेलाचा हात फिरवीन, बस्स.

घरी पोचल्यावर पहिलं काम गोड्या पाण्याने धुण्याचं, त्याच रात्री. मीठ थांबत नाही. मग नोझलच्या भोकातून सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण, रोज थोडं, आणि फ्लायव्हीलला दोन्ही दिशांनी हलकासा हिसका. नवव्या दिवशी संध्याकाळी अर्धा इंच हललं. शेजारी धावत आले एवढ्याने मी ओरडलो. छोटे लोखंडी भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरवर लावले: भाग वजा टोकाला, भंगार लोखंड अधिक टोकाला. अधिक टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. अ‍ॅल्युमिनियमचा भाग तर त्या पाण्यात बुडवूच नका, तो खाल्ला जातो. हे काम उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा हवा जाते त्या तोंडावर दाबायला जाड फळकूट हाताशी ठेवा. वर्षानुवर्षं पडलेल्या पंपाचा रॅक (डिझेल किती सोडायचं ते ठरवणारी दांडी) अडकला तर इंजिनाचा वेग बेलगाम वाढतो, आणि चावीने ते बंद होत नाही कारण चावीच नाही. हवा तोडली की थांबतं.

रेडिएटर गळतोय, तो कुंडईला वेल्डिंगला दिला आहे. रिंगा आल्या, हेड गॅसकेट आलं. पंप लॅबमधून यायचा आहे. तिन्ही शिम अजून त्याच पुडीत, त्याच डब्यात, माझ्या मांगरातल्या फळीवर आहेत.