एका सॅकेतला साउंड सेटअप: पुण्यातली दोन दिवसांची खरेदी

भजनाच्या कार्यक्रमांना आम्ही साताऱ्याहून एसटीनेच जातो. म्हणून अट एकच होती: लॅपटॉपसकट सगळं एका सॅकेत मावलं पाहिजे. शुक्रवारी सकाळी स्वारगेटला उतरलो. तिथून मेट्रोचं पुढचंच स्टेशन मंडई, आणि मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली चालत. पेठांत रिक्षाच्या नादी लागू नका.

इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी डबी) आठ इनपुटचा घ्यायचं मनात होतं. दुकानात उभं राहून हिशेब केला: गळा एक, पेटी एक, लहान सभागृहात तबला आपला आपण ऐकू येतो. दोन इनपुटचा घेतला. तो यूएसबीच्या ५ व्होल्टवरच चालतो, वेगळा अडॅप्टर नको. आपलाच लॅपटॉप नेऊन तपासा. लॅपटॉप आवाजाचे बारीक तुकडे (सॅम्पल) थोडे साठवून पुढे पाठवतो, तो साठा म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल असताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूला साधारण पावणेतीन मिलिसेकंद; येण्याजाण्याचा उशीर त्याच्या दुपटीहून जास्तच. तेवढ्या बफरवर आवाज तुटत नसेल तर गाताना त्रास होत नाही.

माइक डायनॅमिक घेतले, म्हणजे वेगळी वीज न लागणारे. जास्त संवेदनशील अशा कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे माइकच्याच केबलमधून दिलेली वीज लागते, पण खरी अडचण ती नाही. पेटीसाठी लावलेला कंडेन्सर लहान खोलीत स्पीकरचाही आवाज उचलतो आणि शिट्टी सुरू होते. घरच्या रेकॉर्डिंगला मात्र तोच गोड.

संध्याकाळी सदाशिव पेठेत मित्राकडे सगळं जोडलं आणि स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं. तासभर केबली बदलल्या. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला, आणि एकदम शांत! चार्जर एका सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्यावर. दोन्हीकडच्या अर्थिंगमधून फेरा तयार झाला होता. एकाच बोर्डावर लावल्यावर घरघर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. शनिवारी पुन्हा गल्लीत जाऊन पॅसिव्ह डीआय बॉक्स (इंटरफेस आणि स्पीकरच्या मध्ये जोडायची, विजेशिवाय चालणारी डबी) आणला. त्यातला ट्रान्सफॉर्मर सिग्नल पुढे नेतो, तारेची थेट जोड तोडतो. ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या केबलमधली अर्थची जोड तोडायचं बटण दाबलं आणि चार्जर लावूनही लॅपटॉपवरचा तानपुरा स्वच्छ वाजला. काही जण प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका, माइक हातात धरणाऱ्याच्या जिवाशी गाठ आहे.

जास्तीची यूएसबी केबल घ्याच. आणि परतताना सॅक डिक्कीत टाकू नका, मांडीवर घ्या.